बिनहाडाचा फोटो

सर्व सुज्ञ व रसिक जनांस या जाहीरनाम्याने अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, खाली सही करणार इसम, वय वर्षे सेहेचाळीस, धंदा चित्रकलेची मास्तरकी, राहणार पुणे, याने गेल्या मार्गशीर्षात मुक्काम निपाणी येथे, भर दुपारी, पंचवीस-तीस साक्षीदारांसमक्ष आणि पूर्ण शुद्धीवर असताना आपले तोंड उघडले. उघडण्याचे काही कारण नव्हते. कोणी काही विचारले नव्हते. तोंड मिटून एक रबरी फुगा दाबायचा, एवढेच काम होते. त्या चुकीपायी सदर इसमास बेळगावापर्यंत धाव घ्यावी लागली. त्या बाजूला जाणाऱ्या इतरांनी सावध असावे, म्हणून हा मजकूर.

माझ्या पत्नीचे म्हणणे असे की, जाहीरनाम्याची गरज नव्हती. मी तोंड उघडले ही बातमी पुण्यात कोणालाच नवी नाही.

निपाणी, पहिली संध्याकाळ

कोल्हापूरपर्यंतची आगगाडी आणि पुढची मोटार यांबद्दल लिहीत नाही. धूळ प्रत्येकाने खाल्लेली असते.

निपाणी डोळ्यांना दिसण्याआधी नाकाला भेटते. गाव तंबाखूचे. वखारीत तंबाखू, अंगणात तंबाखू, बैलगाडीत तंबाखू आणि वाऱ्यावर तर आहेच आहे. मोटारीतून उतरलो आणि मी ओळीने नऊ वेळा शिंकलो. उतरवून घ्यायला आलेले माझे मित्र अण्णा शांतपणे उभे राहून मोजत होते.

"नऊच?" ते म्हणाले. "गेल्या वर्षी एक मामलेदार आलता, त्यो सतरा शिंकला."

अण्णा इथले तंबाखूचे व्यापारी, जैन. कोल्हापुरात शाळेत आम्ही एका बाकावर होतो. ते मला तेव्हापासून मास्तर म्हणतात. मी पुढे खरोखरच मास्तर झालो, यात त्यांना आपले काहीतरी श्रेय वाटते. या खेपेला त्यांचे पत्र आले ते तीन ओळींचे : "कॅमेरा घेऊन ये. आक्का माघात घर सोडत्यात. उशीर करू नको."

आक्का म्हणजे अण्णांच्या आई. सत्तरीला आलेल्या. माघात त्या आर्यिकांच्या, म्हणजे जैन साध्वींच्या संघात जाणार होत्या. संघ पायी फिरतो, आज या गावी तर उद्या त्या. एकदा गेलेले माणूस परत आपल्या उंबऱ्यात राहायला येत नाही. यात कोणाला दुःख करायचे नसते. घरात तसे कोणी करतही नव्हते. फक्त अण्णांना एक फोटो हवा होता.

कारण असे. अण्णांचे वडील, आप्पा, प्लेगात गेले. तेव्हा अण्णा आठ वर्षांचे. आप्पांचा फोटो नाही, चित्र नाही, काहीच नाही.

घराकडे चालता चालता अण्णा म्हणाले, "डोळं मिटलं की पगडी दिसतीया. मिशा दिसत्यात. खांद्यावरचं उपरणंसुदिक दिसतंय. तोंड तेवढं दिसत न्हाय बघ, मास्तर. चाळीस वर्सं झाली, लई जोर लावतोय. आक्काचं तसं व्हायला नगं."

एवढे बोलून त्यांनी लगेच तंबाखूच्या भावाचा विषय काढला.

आम्ही पोचलो तेव्हा सूर्य नुकताच बुडाला होता आणि इथे माझी पहिली फजिती झाली. जैन घरात सूर्यास्तानंतर चूल नाही, जेवण नाही. दिवसाउजेडी जेवून घेतात, त्याला अंथऊ म्हणतात. ते केव्हाच उरकले होते. आमच्या पुण्यात पाहुणा कितीही वाजता आला तरी त्याला जेवायला घालतात, फक्त तोंडे वाकडी करून. इथे तोंडे अगदी हसरी, पण ताट नाही. अण्णांनी मला सरळ शेजारच्या जोशीबुवांच्या घरी नेऊन बसवले.

जोशीबुवांना मुळीच नवल वाटले नाही. "अण्णांकडचे का? या. तुमचा पाट मांडलाय. त्यांच्याकडचे पाहुणे कायम अर्धा तास उशिरानं येतात."

निपाणी, दुसरा दिवस

सकाळी परसात आक्का भेटल्या. ठेंगण्या, वाळक्या, पांढऱ्या लुगड्यातल्या आणि अत्यंत कामात. आमच्याकडे बाग म्हणजे गॅलरीतली तुळस आणि तिच्या सोबतीला मेलेला गुलाब. इथे वखारीच्या मागे अर्धा एकर. पांढरी आणि पिवळी शेवंती, अबोली, कोरांटी, सोनचाफा, शिवाय एक मोठे पपनसाचे झाड, ज्याच्या बुंध्याला त्या येता-जाता हात लावत. झाडाखाली चादर पसरलेली. आक्का फूल तोडत नाहीत. जे आपण होऊन गळेल तेवढेच वेचतात. विहिरीचे पाणी त्या दुहेरी फडक्यातून गाळत होत्या. मला वाटले, पिण्याचे. तर ते झाडांना.

"झाडांनासुद्धा गाळून?"

"तहान झाडाला लागलिया," आक्का म्हणाल्या. "पाण्यातल्या किड्यानं काय केलंय?" आणि फडके उलटे करून त्यातले न दिसणारे जीव त्यांनी परत विहिरीत सोडून दिले.

मी त्यांच्यासाठी पुण्याहून एक पुस्तक नेले होते. फुलझाडांच्या लागवडीवरचे, चित्रांचे, सोनेरी अक्षरांचे, उत्तम कातडी बांधणीचे. आपण काय देतो आहोत हे मला कळायला हवे होते. आक्कांनी हात पुढे केला, वास घेतला आणि हात मागे घेतला.

"आत काय हाय?"

"शेवंतीवर एक अख्खं प्रकरण आहे, आक्का."

"वरचं सोलून आन. आतलं वाचतो मी."

आजवर कोणीही मला इतक्या थोड्या शब्दांत पुस्तक आणि बांधणी यांतला फरक शिकवला नव्हता. गावातल्या एका शिंप्याने कातडे उतरवून खादीचे कव्हर शिवून दिले, आणि दुपारी आक्का पपनसाखाली बसून चष्मा कपाळावर सरकवत शेवंतीचे प्रकरण वाचू लागल्या. एका ठिकाणी "ह्ये चुकीचं हाय" असे त्या पुस्तकाला म्हणाल्या.

घरात कळले ते असे, की गेल्या पावसाळ्यापासून आक्का एकेक गोष्ट सोडत आल्या आहेत. आधी गूळ-साखर. मग गादी. मग वहाणा. सगळे हिशोबशीर. पण पुस्तक, बाग आणि ग्रामोफोन या तीन गोष्टी त्यांनी अगदी शेवटी ठेवल्या होत्या. सूनबाईंनी कारण विचारले तर त्या म्हणाल्या, "जे सोडायचं हाय ते आधी नीट भोगाय नगं?"

फोटोला त्या तयार नव्हत्या. मरणाऱ्या अंगाचे चित्र कशाला, हा त्यांचा मुद्दा. अण्णांनी महिनाभर विनवण्या केल्या तेव्हा कुठे "एकदाच, आनी बागेत" असे कबूल झाले.

तिसऱ्या प्रहरी मी तिपाई लावली. कॅमेरा लाकडी, पितळी कोपऱ्यांचा, डोक्यावरून काळे कापड घेण्याचा. बातमी पसरली. वखारीतल्या बायका आल्या, हमाल आले, जोशीबुवा सहकुटुंब आले. आक्का पपनसाखाली स्टुलावर ताठ बसल्या. प्रकाश सुरेख होता. मी काच कॅमेऱ्यात सरकवली. फोटो टिपण्याचा रबरी फुगा हातात घेतला. आणि मागे वळून गर्दी पाहिली.

वाचकहो, तीस माणसे आपल्याकडे एकटक बघत असताना नुसता फुगा दाबणे ही गोष्ट देवाने माझ्या स्वभावात घातलेली नाही.

"मंडळी," मी म्हणालो, "ही काच साधी नव्हे. हिच्यावर चांदीचा क्षार आहे. उजेड पडला की चांदी काळी पडते आणि चित्र उमटतं. पण चांदी काचेला चिकटून राहते कशी? तर सरसानं!"

"सुतार लावतोय त्यो सरस?" एका हमालाने विचारले.

"तोच! पण हा विलायती, शुद्ध. हाडं आणि कातडी उकळून..."

इथे मी थांबलो. पण वाक्य माझ्याही पुढे निघून गेले होते.

आक्का स्टुलावरून उठल्या, पदर सारखा केला आणि अगदी सौम्यपणे म्हणाल्या, "पुस्तकाचं वरचं सोलता आलं, मास्तर. ह्याचं कसं सोलनार?" आणि शेवंतीच्या वाफ्यांमधून घरात निघून गेल्या.

अण्णांनी पगडी काढून गुडघ्यावर ठेवली. "मर्दा," ते म्हणाले, "महिना लागला मला तिला त्या स्टुलावर बसवायला. महिना."

मी म्हणालो की दुसरी काच आणतो, फिल्म आणतो. पण तेव्हाच आठवले, सरस सगळ्यांतच. कागदावरही सरसच. आजपर्यंत काढलेल्या माझ्या प्रत्येक फोटोत, आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा, एकेक बैल उभा आहे हे मला निपाणीत प्रथमच नीट दिसले.

त्या दिवशी अंथऊ वेळेवर मिळाले. जोंधळ्याची भाकरी, बिनकांद्याचा झुणका, मटकीची आमटी, शेंगांची चटणी, तुपाची धार. कांदा-लसणावाचून झुणका होतो यावर माझा विश्वास नव्हता. तीन भाकरी झाल्यावर बसला. पण अण्णा माझ्याकडे बघत नव्हते, आणि मी अण्णांकडे बघायचे टाळत होतो.

जेवणानंतर, अजून उजेड असताना, आक्का ओसरीवर ग्रामोफोनपाशी बसल्या. रोज दोनच तबकड्या, हा नेम. त्यांनी स्वतः किल्ली दिली, सुई लावली. कोणा बाईंचा भरदार आवाज ओसरीभर पसरला. आक्का डोळे मिटून गुडघ्यावर बोटाने ताल धरून बसल्या. मी तबकडीकडे बघत होतो. काळी, गुळगुळीत, चकचकीत. ती कशापासून बनवतात हे मला माहीत होते. लाखेपासून. आणि लाख कोण तयार करते हेही माहीत होते. किडे. हजारोंनी.

माझ्या चेहऱ्यावर काहीतरी आले असणार. डोळे न उघडता आक्का म्हणाल्या, "मास्तर."

"काय, आक्का?"

"तुझा श्वास बदलला. तू काय तर सांगनार हैस. ही तबकडी कशाची असतीया, ते मला सांगायचं न्हाय. अजून महिनाभर तरी."

मी दोन्ही हातांनी तोंड झाकले. अण्णा त्या दिवसात पहिल्यांदा हसले. आणि मला, तोंड झाकलेले असल्यामुळे असेल कदाचित, एकदम एक जुनी गोष्ट आठवली. सरसाच्या काचा निघण्याआधीही फोटो निघत होतेच की!

बेळगाव, तीन दिवस

ते जुने फोटो ओल्या काचेवर निघत. कापसावर तेजाबाची क्रिया करून तो ईथर आणि स्पिरिट यांत विरघळवायचा. तो पाक काचेवर ओतायचा, चांदीच्या पाण्यात बुडवायचा आणि काच सुकायच्या आत फोटो काढून धुऊनसुद्धा टाकायचा. कापूस आणि चांदी. बैल कुठेच नाही! ही विद्या फोटोवाल्यांनी कधीच सोडली, पण छापखान्यांत ब्लॉक बनवणारे ती अजून वापरतात. असा एक निवृत्त कारागीर बेळगावच्या कँपात राहतो, हे मला एका मुद्रक मित्राकडून ठाऊक होते. त्याचे नाव पास्कू.

निपाणीहून संकेश्वरमार्गे मोटार निघाली. बेळगाव जवळ येईल तशी माती लाल होत गेली, हवा गार झाली. कंग्राळीकडचे शेतकरी डोक्यावर भाजीच्या पाट्या घेऊन पेठेकडे चालले होते आणि मराठीत घेतलेला श्वास कानडीत सोडत होते. दोन्हीत शिव्या सारख्याच गोड वाटतात, कारण आपल्याला एकच कळते.

पास्कूबाब व्हरांड्यात व्हायोलिन घेऊन बसले होते. गोव्याचे. वय सत्तरच्या आसपास, मिशा पिवळ्या, बोटे चांदीच्या पाण्याने कायमची काळी.

"तुका कितें जाय?" त्यांनी तार न थांबवता विचारले.

मी सगळी हकीकत सांगितली. सरस, हाडे, आक्का, आप्पांचे हरवलेले तोंड, सगळे. व्हायोलिन थांबले.

"तू त्या म्हाताऱ्येक हाडं म्हणून सांगितलं?"

"हो."

"लोकांसमोर?"

"हो."

"तुझ्या बायलेक माझा नमस्कार सांग," पास्कूबाब म्हणाले आणि आत जाऊन बाटल्या काढू लागले.

पण पाक घाईने होत नाही. तो निवळू द्यावा लागतो. "लोणचें मुरतां तसें," ते म्हणाले. "दोन दीस थांब." म्हणून मी दोन दिवस बेळगावात निवांत हिंडलो. माझ्या बुद्धीने केलेली या प्रवासातली ही एकमेव शहाणी गोष्ट, आणि तीही नाइलाजाने.

कँपातल्या बंगल्यांच्या बागा पाहिल्या. साहेबांच्या बागेत फुले पलटणीसारखी उभी असतात, रांगेत, सारख्या उंचीची. माळी मात्र कानडी मुलखातला. त्याने कुंपणाच्या आतल्या कोपऱ्यात, साहेबाच्या नजरेआड, स्वतःसाठी अबोलीचे चार ताटवे वाकडेतिकडे लावले होते. बागेत जीव असलेली जागा तेवढीच. पुढे वाचनालयात गेलो. एका लांब टेबलाच्या या टोकाला मराठी वर्तमानपत्रे, त्या टोकाला कानडी, आणि मधल्या खुर्च्यांवर बसलेले दोन पेन्शनर दोन्हीकडच्या बातम्या एकमेकांना खोट्या ठरवत होते. त्यांची इतकी मैत्री होती की ग्रंथपालाने दोघांना "शूऽऽ" एकदाच म्हटले. संध्याकाळी पास्कूबाबांच्या शेजारचे एक कानडी वकील व्हरांड्यात येऊन बसले. पास्कूबाब व्हायोलिनवर आणि वकील भीमपलास घेऊन. ना तिकीट, ना हार, ना प्रास्ताविक. रस्त्याने जाणारा दूधवालासुद्धा कासंडी खाली ठेवून दहा मिनिटे उभा राहिला, मान डोलावली आणि निघून गेला. पुण्यात याच गाण्याला अध्यक्ष लागला असता.

पाक मुरत असताना माझी परीक्षा चालूच होती.

"काचेच्या कडांक मी अंड्याचें पांढरें लायतां," पास्कूबाब म्हणाले. "पाक सुटत नाय मग."

"अंडं नको!" मी ओरडलो.

"मग रबर. आनी शेवटाक वर लाखेचें वॉर्निश..."

"लाख नको!"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "चंद्रस चलता? झाडाचो डिंक तो."

"चंद्रस चालतो."

"देवा सायबा," ते म्हणाले, "ह्या फोटोक माझ्यापेक्षा जास्त सोंवळें हाय."

पुन्हा निपाणी

पास्कूबाब, त्यांचा पेटीएवढा कॅमेरा, काळा तंबू आणि फक्त दोन घासलेल्या काचा घेऊन आम्ही निपाणीत उतरलो. मी सात शिंकलो. अण्णा म्हणाले, "सवय व्हायलिया तुला."

आक्का परसात होत्या. अण्णांचा आग्रह असा की आता काहीच सांगायचे नाही, नुसते "नव्या पद्धतीचा" म्हणायचे. पण आक्कांनी सरळ मलाच समोर बसवले.

"ह्यात काय हाय?"

"कापूस, आक्का."

"आनी?"

"चांदी. आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार."

"आनी?"

अण्णा आक्कांच्या मागे उभे राहून हात जोडत होते. मी त्यांच्याकडे पाहिले आणि आक्कांकडे पाहिले. एकदा नको तिथे खरे बोलून मी हे काम बिघडवले होते. आता हव्या तिथे खोटे बोलून ते साधायचे, हे काही मला जमेना.

"स्पिरिट," मी म्हणालो.

"म्हंजे दारूच की."

"दारूच. पण ती उडून जाते. काचेवर राहत नाही."

अण्णांनी डोळे मिटले. आक्का खाली पसरलेल्या चादरीवरची गळलेली फुले एकेक करून टोपलीत टाकत राहिल्या. बरीच फुले झाली. मग त्या म्हणाल्या, "हाडासाठी कुनाला तर मारावं लागतंय. दारूनं पिनारा बिघडतोय." पुन्हा एक फूल. "काचंला चढत न्हाय न्हवं?"

"नाही, आक्का."

"मग बसतो."

पास्कूबाबांनी धुण्यासाठी पाणी मागितले. आक्कांनी आपले गाळलेले पाणी दिले. पास्कूबाबांनी ते पेल्यात घेऊन उन्हात धरले आणि टोपी काढली. "तीस वर्सां छापखान्यांत असलें पाणी बघूंक नाय."

उभारणी झाली. गर्दीही पुन्हा तीच जमली. आता आठ मोजेपर्यंत स्थिर बसायचे होते. आक्कांची मान वयामुळे हलके हलत होती. म्हणून पास्कूबाबांनी अण्णांना शेजारी बसवून आक्कांचे कोपर धरायला सांगितले.

"माझा कशाला?" अण्णा म्हणाले. "तिचाच काढा."

"बस रं गप," आक्का म्हणाल्या. "लहानपनी बसत न्हवतास, आता तरी बस."

पास्कूबाब तंबूतून ओली काच घेऊन पळत आले. काच आत. मी फक्त मोजायचे होते. एक, दोन, तीन, चार, आणि वखारीकडून वाऱ्याची एक झुळूक आली. मी शिंकलो. तिपाईला धरून शिंकलो.

"साकु!" आक्का कानडीत कडाडल्या. पुरे! राग आला की त्यांची भाषा बदलते. "ह्या मानसाला रस्त्यावर नेऊन बांधा जावा!"

पहिली काच गेली. उरली एक. दोघा हमालांनी मला जोशीबुवांच्या अंगणात नेले. नाकाला ओले फडके बांधले. तिथून कुंपणावरून मला सारे दिसत होते. मोजायला जोशीबुवा. त्यांनी आठ आकडे इतक्या संथ लावले की मला वाटले मंगलाष्टक चालू आहे. आक्का बसल्या होत्या, मागे शेवंती, वर पपनस. अण्णा कॅमेऱ्याकडे बघत नव्हते. ते आक्कांच्या कोपराखालच्या आपल्या हाताकडे, मान जराशी झुकवून बघत होते. आठ झाले.

पास्कूबाब तंबूत गेले. आम्ही सगळे बाहेर. अण्णांनी पगडी काढली, घातली, पुन्हा काढली. मला फडक्यासकट परत बोलावण्यात आले. थोड्या वेळाने पास्कूबाब एका काळ्या तबकात काच घेऊन बाहेर आले. तिच्यावर नुसता निळसर धुरकट थर, चित्र म्हणावे असे काही नाही. अण्णांचा चेहरा उतरला.

"थांब," पास्कूबाब म्हणाले. त्यांनी तबकात हायपोचे, म्हणजे चित्र पक्के करणाऱ्या क्षाराचे पाणी ओतले आणि ते हलकेच हलवू लागले. निळा पडदा विरघळू लागला. आधी शेवंतीची पांढरी फुले वर आली, एकेक, जणू पाण्याखालून. मग पपनसाचा बुंधा. मग आक्कांचे पांढरे लुगडे, आणि त्यावर त्यांचा चेहरा, सुरकुत्यांसकट, डोळ्यांतल्या त्या मिस्कील तिरकेपणासकट. या काचेत आरशासारखे उजव्याचे डावे होते, त्यामुळे रोजचे माणूसही थोडे निराळे दिसते. पण त्या आक्काच होत्या, अगदी नक्की.

अण्णा तबकावर वाकले. खूप वेळ वाकून होते. मग त्यांनी उपरण्याने नाक पुसले आणि बाजूला होऊन आईला जागा दिली. "बघ की, आक्का. लई झ्याक आलंय."

आक्कांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि तबकात पाहिले. स्वतःकडे त्यांनी पाहिलेच नाही. शेवंतीकडेही नाही. त्यांचे बोट पाण्यावरून सरकत शेजारी बसलेल्या माणसावर येऊन थांबले, त्या मान झुकवलेल्या, सेहेचाळीस वर्षांच्या माणसावर. आणि त्या तीस माणसांत आक्का मोठ्याने ओरडल्या :

"अण्णा, तुझं आप्पा रं! ह्ये कवा येऊन बसलं?"